भंडाऱ्यातील वटकुल

वड, पिंपळ, उंबर, फणस आणि तुती हे वृक्ष दिसायला एकमेकांपासून कितीही निराळे असले, तरी वनस्पतिशास्त्र त्यांना मोरेसी म्हणजेच वटकुल या एकाच कुलात घालते. सुमारे १,१०० जातींच्या या कुलाची ठळक खूण म्हणजे साल किंवा पान तोडताच पाझरणारा पांढरा चीक होय.

तुतीवरून रेशमाची आठवण येते, आणि भंडारा जिल्ह्यात रेशीम म्हटले की मोहाडी-आंधळगावचा कोसा आठवतो. मात्र हा कोसा, म्हणजे टसर रेशीम, येन व अर्जुन या वृक्षांवर वाढणाऱ्या अळ्यांचा असून या वृक्षांचा वटकुलाशी संबंध नाही; तुतीच्या पाल्यावर पोसली जाते ती घरात पाळली जाणारी रेशीमअळी, आणि हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

वटकुलातील खरे नवल उंबराचे. ज्याला आपण फळ म्हणतो तो वस्तुतः कुंभासनी पुष्पबंध, म्हणजे कुंभाच्या आतल्या बाजूस शेकडो सूक्ष्म फुले धारण करणारा फुलोरा असतो. त्याच्या मुखातून शिरणारी चिमुकली गांधीलमाशी तेथेच अंडी घालते आणि परागीभवनही घडवते, म्हणून उंबर फोडल्यावर निघणारी केंबरे ही कीड नसून त्या वृक्षाच्या वंशवृद्धीची वाहक होत. वर्षातून अनेकदा फळणाऱ्या या वृक्षावर महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, वटवाघळे आणि माकडे पोसली जातात. म्हणूनच शेतकऱ्यांनी नाल्याकाठचा किंवा बांधावरचा उंबर तोडू नये.