पात्रतेच्या रकान्यात कोण बसतं?

(पुण्यातील विद्यार्थी-पालक बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिष्यवृत्त्यांची यादी तुम्हाला मोबाइलवर मिळते. ती वाचून दाखवण्यात मी वेळ घालवणार नाही. मी फक्त एका रकान्याबद्दल बोलणार आहे. तो रकाना पात्रतेचा.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए., एम.कॉम.च्या पहिल्याच वर्षी 'ऑन जॉब ट्रेनिंग' किंवा क्षेत्रीय प्रकल्प आला. चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. पदवीच्या मुलांनाही इंटर्नशिप करावी लागते. पुस्तकाबाहेर पडून काम शिकायचं, हे मला मनापासून पटतं. पण कोंढव्यात राहणारी मुलगी हिंजवडीला जाते तेव्हा बसभाडं लागतं, डबा लागतो, आणि संध्याकाळच्या ज्या शिकवण्यांवर ती स्वतःची फी भरते त्या बुडतात. काम सक्तीचं आणि मोबदला ऐच्छिक, असा हा हिशेब आहे.

मग सरकारी योजना आहेत ना, असं पालक विचारतात. २०२४ मध्ये दोन मोठ्या योजना आल्या. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत वर्षभर महिना ५ हजार. आता अटी वाचा. राज्याच्या योजनेत ज्याचं शिक्षण चालू आहे तो अपात्र. केंद्राच्या योजनेत पूर्णवेळ शिकणारा अपात्र. दूरशिक्षणाने शिकणारा चालतो. या योजना बेरोजगारांसाठी आहेत, त्यामुळे त्या अटींत मी दोष काढत नाही. पण ज्या मुलीला अभ्यासक्रमानेच इंटर्नशिपला पाठवलं, तिच्यासाठी यांत काही नाही.

विज्ञानाच्या मुलांना 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ८० हजार, त्यातले २० हजार खास उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. बारावीला बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात यावं लागतं आणि मूलभूत विज्ञान घ्यावं लागतं. मी शिकवते त्या मुली कला-वाणिज्यच्या आहेत. त्यांचा विषय संपला.

पुढच्या संशोधनासाठी २००९ पासून मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. मुस्लीम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, जैन, सगळ्यांसाठी. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितलं गेलं की ती बंद केली, कारण इतर योजनांशी तिची सरमिसळ होते. सरमिसळ होत असेल तर एकाच व्यक्तीने दोन ठिकाणी पैसे घेऊ नयेत असा नियम पुरला असता.

पात्रतेचं भांडण या शहराला नवं नाही. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी ती रक्कम कमी करून चालू ठेवली आणि त्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी अर्ज केला की यातला काही पैसा मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या, मग तो कोणत्याही जातीचा असो. सनातनी खवळले. तेव्हा जोतीराव फुले आपली माणसं घेऊन या सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे त्याच निधीतून दक्षिणा फेलोशिप निघाल्या. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. पैसा तोच होता, पात्रतेची ओळ बदलली. ती आपोआप बदलली नाही, अर्ज करावा लागला.

आज ही ओळ बदलणं सगळ्यात सोपं कुठे आहे? महाविद्यालयात. विद्यार्थी साहाय्य निधी असतो, कुठे माजी विद्यार्थ्यांची देणगी असते, कुठे छोट्या संशोधन प्रकल्पांसाठी तरतूद असते. एका महाविद्यालयाची नियमावली मी पाहिली, नाव घेत नाही: किमान ६० टक्के, एकही विषय राहिलेला नको, आणि खर्च आधी स्वतः करून पावत्या जोडायच्या. भवानी पेठेत घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या मजुरीवर अभ्यास करायला निघालेली एक मुलगी तिसऱ्या अटीवरच अडली. गुण होते. आधी घालायला पैसे नव्हते. गरजूंसाठीच्या निधीत अशी अट घालणाऱ्याने गरज कधी पाहिली असेल असं वाटत नाही.

आपल्या विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने 'कमवा आणि शिका' योजना आहे. मुलं ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करतात आणि तासाप्रमाणे पैसे घेतात. मग सर्वेक्षणाचे फॉर्म भरणं, जुन्या नोंदी उतरवणं, हे काम त्यात का धरू नये?

आता थोडं आपल्याबद्दल. रमजानमध्ये जकातीतून फी भरली जाते, वह्या-पुस्तकं दिली जातात. त्याच मुलीने उन्हाळ्यातल्या सहा आठवड्यांच्या बसपाससाठी हात पुढे केला की प्रश्न येतो, "नोकरी आहे का ती? मग पैसे कशाला? आणि एवढ्या लांब कशाला जायचं?" हीसुद्धा पात्रतेची अटच झाली, फक्त कागदावर नाही. मुलाला हा शेवटचा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही.

आणखी एक. सगळे डोळे 'अल्पसंख्याक' या शब्दाकडे लागलेले असतात. राज्याने २०२४ मध्ये 'मार्टी' ही अल्पसंख्याकांसाठीची संशोधन संस्था मंजूर केली. तिच्याकडे पाठपुरावा करायलाच हवा. पण जुलाहा-मोमीन, पिंजारी, तांबोळी ओबीसीत आहेत, छप्परबंद विमुक्त जातीत आहेत. त्यांना पीएच.डी.साठी 'महाज्योती'च्या फेलोशिपला अर्ज करता येतो. अडचण दाखल्याची आहे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या जागी नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. पीएच.डी.ला लागल्यावर हा कागद शोधू नका, अकरावीतच शोधा.

बाहेर टेबलावर दोन नमुने ठेवले आहेत. एक प्राचार्यांना द्यायचा अर्ज: निधी किती, गेल्या तीन वर्षांत कोणत्या शाखेला किती दिला, आगाऊ रक्कम देण्याची तरतूद आहे का. दुसरा माहितीच्या अधिकाराचा, अनुदानित महाविद्यालयातून महिन्याभरात उत्तर आलं नाही तर. ज्यांच्या घरी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद किंवा जुनं खरेदीखत असेल, त्यांनी त्याची झेरॉक्स घेऊन पुढच्या रविवारी यावं. उर्दू किंवा मोडीत असली तरी चालेल, वाचणारी माणसं आपल्याकडे आहेत.