‘अनिश्चित’ म्हणजे काय?

देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. तो चपला ठेवून घेतो, हाती एक बिल्ला देतो, आणि दर्शन आटोपून आल्यावर बिल्ला परत केला की व्यवहार संपतो. संगणकशास्त्रातील एका जुन्या वादाचे मर्म या बिल्ल्यात आहे.

संगणकावरील कोणताही प्रोग्रॅम फाइलला स्वतः हात लावू शकत नाही. त्याला ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, विनंती करावी लागते. या विनंतीला सिस्टीम कॉल म्हणतात. लिनक्समध्ये असे कॉल तीनशेंहून अधिक आहेत. ‘ओपन’ म्हटले की कर्नल फाइल उघडून एक क्रमांक देतो, तोच आपला बिल्ला. ‘क्लोज’ म्हटले की तो परत घेतो. कोणता कॉल नेमके काय करतो, हे मॅन्युअलने सांगायचे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी घडविलेल्या युनिक्सचे पहिले मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचे आहे. त्यातील नोंदींत ‘बग्ज’, म्हणजे दोष, असे एक शीर्षकच आहे. मालातील खोट विक्रेत्यानेच लिहून द्यावी, ही रीत मला आजही विलक्षण वाटते!

परंतु सर्वच संदिग्धता दोषांच्या यादीत बसत नाही. समजा, ‘क्लोज’चे काम चालू असतानाच बाहेरून एखादा संकेत येऊन थडकला. कॉल ‘मध्येच व्यत्यय आला’ असे सांगून परततो. मग फाइल बंद झाली, की उघडीच राहिली? युनिक्सच्या नाना शाखांना एका शिस्तीत आणण्यासाठी १९८८ साली पॉझिक्स नावाचे प्रमाण प्रसिद्ध झाले. त्याच्या २००१ व २००८ च्या आवृत्त्यांनी यावर दिलेले उत्तर एवढेच, की क्रमांकाची स्थिती अनिश्चित आहे.

साधा माणूस म्हणेल, शंका असेल तर पुन्हा एकदा ‘क्लोज’ म्हणावे. त्यात काय बिघडते? बिघडते ते असे. लिनक्स हा क्रमांक कामाच्या आरंभीच मोकळा करतो, आणि नव्या फाइलला नेहमी सर्वांत लहान मोकळा क्रमांक मिळतो. एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक कामे समांतर चालू असतील, तर आपण परत केलेला सात नंबरचा बिल्ला क्षणार्धात दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. आता आपण पुन्हा ‘सात’ म्हणून ओरडलो, तर चपला जातात त्या परक्याच्या. उलट एचपी-यूएक्स या प्रणालीत अशा वेळी फाइल उघडीच राहते, आणि पुन्हा सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. एका यंत्रावरचा शहाणपणा दुसऱ्या यंत्रावर घातक ठरतो.

येथे मॅन्युअल लिहिणाऱ्याची खरी कसोटी लागते. कर्नल आज जे करतो ते जसेच्या तसे लिहावे, तर वाचक त्याला वचन समजतो आणि उद्या ते बदलण्याची सोय राहत नाही. न लिहावे, तर प्रत्येकजण आपापल्या मनाचा अर्थ लावतो. माझा कौल लिहिण्याच्या बाजूने आहे; मात्र ‘प्रमाण असे सांगते’ आणि ‘प्रत्यक्षात असे घडते’ ही दोन वाक्ये कधी एकमेकांत मिसळू नयेत. लिनक्सच्या मॅन्युअलने ‘क्लोज’च्या पानावर हेच केले आहे: वाद मांडला, इतर प्रणालींची चाल सांगितली, आणि लिनक्सवर पुन्हा प्रयत्न करू नका असे स्पष्ट बजावले.

न लिहिलेल्या गोष्टीचे मोल किती, हे २०१८ साली दिसून आले. फाइलमध्ये लिहिलेला मजकूर आधी स्मृतीत राहतो, जसा दुकानदाराचा व्यवहार आधी कच्च्या वहीत उतरतो. तो पक्क्या वहीत, म्हणजे डिस्कवर, गेल्याची खात्री ‘एफसिंक’ हा कॉल देतो. तो अपयशी ठरला तर काही वेळाने पुन्हा करावा, अशी पोस्टग्रेस या विख्यात डेटाबेसची वर्षानुवर्षांची समजूत होती. लिनक्समध्ये मात्र पहिल्या अपयशानंतर कच्च्या वहीतली ती पाने ‘उतरवून झाली’ अशी खूण होऊन मोकळी होऊ शकत. दुसरा ‘एफसिंक’ मग निर्धास्तपणे यश कळवी, आणि मजकूर नाहीसा झालेला असे. खोटे कोणीच बोलले नव्हते. दुसऱ्या वेळच्या होकाराचा अर्थ काय, हे कोठे स्पष्ट लिहिलेले नव्हते, एवढेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसने आपली रीत बदलली. आता ‘एफसिंक’ फसला की तो सहसा पुन्हा विचारीत बसत नाही. स्वतःच थांबतो आणि आपल्या रोजकीर्दीवरून सारा हिशेब नव्याने उभा करतो.

‘क्लोज’विषयी सांगायचे, तर पॉझिक्सच्या २०२४ च्या आवृत्तीने अखेर निवाडा दिला: ‘व्यत्यय’ असे उत्तर आले तर फाइल उघडी आहे असे समजावे, बंद झाली असेल तर निराळा संकेत द्यावा. लिनक्सची चाल नेमकी याच्या उलट होती. त्यामुळे त्या पानावरचा इशारा पुसण्याची वेळ काही आलेली नाही.