पिवळं पडलंय, काय फवारू?

आज आपण प्रश्न कसा विचारायचा याविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, त्यात काय शिकायचं? आम्हालाही तसंच वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंचं सोयाबीन पिवळं पडलं. त्यांनी गटाच्या व्हॉट्सॲपवर एवढंच टाकलं, "सोयाबीन पिवळं पडलंय, काय फवारू?" कुणी म्हणालं युरिया टाका, कुणी म्हणालं मोझॅक आहे, कीटकनाशक मारा. ताईंनी गटातून उचललेल्या पैशांतून औषध आणून मारलं. पैसे गेले, पीक पिवळंच राहिलं. चूक एकट्या ताईंची नव्हती. काही न विचारता सल्ले देणाऱ्या आम्हीच होतो.

मग आम्ही किसान कॉल सेंटरला फोन लावला. नंबर १८००-१८०-१५५१. सकाळी ६ ते रात्री १०, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडून विचारलं, "वरची पानं पिवळी की खालची? शिरा हिरव्या आहेत का? पाणी साचलं होतं का?" आम्ही घरात बसून फोन केलेला. एकाचंही उत्तर देता येईना.

दुसऱ्या दिवशी बांधावर उभं राहून फोन केला. वरची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, जमीन चुनखडीची, शेतात पाणी साचलेलं. आधी काय मारलं ते सांगायला ताई लाजत होत्या, पण सांगितलं. उत्तर मिळालं, लोह कमी पडतंय. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, मग हिराकस फवारा. प्रमाण आम्ही वहीत लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. काही दिवसांनी नवी पानं हिरवी आली.

तेव्हा कळलं, पिवळेपणा एकच, पण कारणं वेगळी. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे दिसले तर मोझॅक असू शकतो. तो पांढरी माशी पसरवते. दुखणं वेगळं, तसा इलाजही वेगळा.

म्हणून आमच्या गटानं आता रीत ठरवली आहे. विचारण्याआधी शेतात जाऊन बघायचं. पीक कोणतं, किती दिवसांचं, कुठलं पान, पाणी किती, हे सांगायचं. फोटो पाठवला तर एक जवळून, एक सगळ्या शेताचा. आधी जे केलं ते लपवायचं नाही. दोघांना विचारलं असेल तर दोघांना तसं सांगायचं. उत्तर लगेच आलं नाही तर रागवायचं नाही, समोरच्या बाईलाही घर-शेत आहे. आणि गुण आला की नाही, ते गटात कळवायचं. त्यातून दुसरीचं पीक वाचतं.

आणि मैत्रिणींनो, कुणी अर्धवट विचारलं तर हसू नका. "वरचं पान की खालचं?" एवढंच विचारा.