२१४७४८३६४७



"कॉम्प्युटरवर बोल, पण सगळ्यांना कळेल असं," असा आयोजकांचा हुकूम आहे. म्हणून आज एकाच संख्येबद्दल बोलते. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

२ चा ३१ वा घात घ्या, त्यातून १ वजा करा, की ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे. १७७२ साली ऑयलर यांनी हे सिद्ध केलं, तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. एरवी ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं. पण तिला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. तपासायच्या संख्या चारशेच्या आत आल्या. आधी विचार, मग भागाकार!

६ चे विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीजही ६. अशा संख्येला परिपूर्ण म्हणतात. आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते. इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही. या संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग शून्य. १८७६ मध्ये ल्युका यांच्या कामातून कितीतरी मोठी मिळालीच.

आणि उपयोग? कॉम्प्युटर पूर्णांक ठेवायला बहुधा ३२ घरं वापरत आला. एक घर अधिक-उणे चिन्हासाठी. उरलेल्या ३१ घरांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. त्यात १ मिळवला की बरेचदा उत्तर थेट उणे २१४ कोटींवर जातं. २०१४ मध्ये 'गंगनम स्टाइल' या गाण्याची प्रेक्षकसंख्या या आकड्यापलीकडे जाणार म्हणून यूट्यूबला मोजणीची घरं वाढवावी लागली.

अनेक यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. ३२ घरांचं हे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की भरेल. पुढच्या सेकंदाला ते डिसेंबर १९०१ दाखवेल. उपाय माहीत आहे, ६४ घरं. मोठे सर्व्हर बहुतेक बदललेत. भीती आहे ती एकदा बसवून विसरलेल्या छोट्या यंत्रांची. तुमच्यापैकी कुणाचा कारखाना असेल, कुणाचं हॉस्पिटल, कुणाकडे पाणीपुरवठ्याची जबाबदारी. नवी यंत्रं घेताना विक्रेत्याला विचारा, "२०३८ नंतर चालेल ना?" आणि उत्तर लेखी घ्या.

बार्लोंना वाटलं, यापुढे कुणी जाणार नाही. ३२ घरं ठरवणाऱ्यांनाही वाटलं, एवढी पुरेत. संख्या एकच, दोन्ही अंदाज चुकले. तेव्हा घरातल्या मुलानं "याचा उपयोग काय?" असं विचारलं, तर "काही नाही" म्हणायची घाई करू नका.