सही करण्यापूर्वी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो. त्यामुळं मोहल्ल्यात कुणाला अर्ज लिहून हवा असला की तो माझ्याकडं येतो. कवी आणि अर्ज लिहिणारा यांत लोक फारसा फरक करत नाहीत, आणि बी.ए. झालेला माणूस त्यांच्या लेखी निम्मा वकीलच असतो. आज सांगणार आहे ते एका कागदाविषयी. तो मी लिहिला नव्हता. पण त्यावर साक्षीदार म्हणून सही करायला निघालो होतो.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तुळजापूरहून सोलापूरला मोटारसायकलवर येत होता. तुळजापूरच्या हद्दीतच समोरून आलेल्या टेम्पोनं त्याला धडक दिली. तो जागीच गेला. शिंपी होता, वय ४२. मागं बहीण, दोन मुलं आणि त्याची म्हातारी आई. तिसऱ्या दिवशी टेम्पोचे मालक घरी आले. माणूस वाईट नव्हता, डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी चाळीस हजार रुपये पुढं ठेवले आणि एक स्टॅम्पपेपर. 'पूर्ण भरपाई मिळाली, आता कुणाविरुद्ध तक्रार नाही,' असा मजकूर होता.

बहीण आतल्या खोलीतून म्हणाली, "भाई, त्यांच्या रक्ताचे पैसे मी मोजत बसू का? देऊन टाका सही." मी खिशातलं पेन काढलं. शेजारचे काका बसायला आले होते. जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. ते हळूच म्हणाले, "भाई, आज कशावरही सही नको. पोरांचा विचार करा." मी पेन खिशात ठेवलं.

संध्याकाळी काकांनी हिशेब मांडून दाखवला. तो तुम्हीही ऐका. महिन्याची कमाई बारा हजार धरली तर वर्षाची १ लाख ४४ हजार. स्वतःचा धंदा असलेल्या चाळीस ते पन्नास वयाच्या माणसासाठी पुढच्या वाढीचे २५ टक्के मिळवायचे. झाले १ लाख ८० हजार. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले १ लाख ३५ हजार. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे चौदानं गुणायचं. १८ लाख ९० हजार! ही रीत सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा खटल्यात २००९ मध्ये आणि प्रणय सेठी खटल्यात २०१७ मध्ये घालून दिली आहे. आणि आम्ही चाळीस हजारांवर सही करणार होतो.

बहिणीला टेम्पोच्या ड्रायव्हरचीही दया येत होती, पोरगेलासा होता तो. पण प्रत्येक वाहनाला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, तो याचसाठी. विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते. ही भीक नव्हे आणि सूडही नव्हे.

आता मुदतीचं. आमच्यात नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची असते. तुमच्याकडं कुणी म्हणतं, वर्षश्राद्ध होऊ द्या, मग बघू. दुःखाचे दिवस असे मोजले जातात. पण मोटार वाहन कायद्यातली सहा महिन्यांची मुदत २०२२ च्या एप्रिलपासून पुन्हा लागू झाली, आणि ती अपघाताच्या तारखेपासून मोजतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. नुसत्या उशिरासाठी दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेशही २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये झाला. तरी त्याच्या भरवशावर बसू नका. माझ्या बहिणीनं वकीलपत्रावर इद्दतीत, घरात बसूनच सही केली.

अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला होता, म्हणून खेटे तिकडं घालावे लागतील अशी धास्ती होती. तसं नाही. आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही दावा लावता येतो. पोलिसांनी अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, पण आपले कागद आपण गोळा करावेत: फिर्यादीची नक्कल, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीचा नंबर, विम्याचे कागद, ड्रायव्हरचा परवाना. जखमी माणसानं दवाखान्याची प्रत्येक पावती जपावी. कायमचं अपंगत्व आलं तर त्याचा दाखलाही घ्यावा. फिर्याद, वकील, दावा, तारीख, हक्क हे सगळे शब्द फारसी-अरबीतून येऊन मराठीत कधीच घरचे झाले आहेत. त्यांना बिचकायचं कारण नाही.

अडलं ते कमाईच्या पुराव्यापाशी. शिंप्याला पगारपत्रक कुठलं? तेव्हा बहिणीनं त्याची मापाची वही काढली. छाती, कंबर, बाही, तारीख, शिलाई आणि आगाऊ घेतलेली रक्कम, सगळं त्याच्या बारीक अक्षरात. ती वही दाव्यात दाखल झाली.

वकिलाचीही चिंता नको. बाईमाणसाला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. दवाखान्याच्या दारात 'इतके टक्के द्या, काम करून देतो' म्हणणारे भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार करा. भरपाईत टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांच्या नियमांतही बसत नाही. आणि धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तरी हात हलवत परतू नका. २०२२ च्या योजनेनुसार अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. अर्जाची चौकशी तहसील किंवा प्रांत कार्यालयात करावी.

आमच्या दाव्यात २०२५ मध्ये लोकअदालतीत तडजोड झाली. हिशेबापेक्षा थोडं कमी मिळालं, पण मुलांच्या वाट्याची रक्कम त्यांच्या नावानं मुदतठेवीत आहे. 'भरपाई' हा शब्द मला अजून पटत नाही. त्या घरात भरून काही आलेलं नाही. फक्त पोरांची शाळा सुटली नाही.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर एका मुलाच्या गणवेशाचं माप होतं, शंभर रुपये आगाऊ घेतलेले. वही न्यायालयात जाण्याआधी बहिणीनं ते पान उतरवून घेतलं, आणि इद्दत संपल्यावर पहिल्यांदा मशीनवर बसली ती तो गणवेश शिवायला.