बारीक आहे, म्हणून बिनधास्त?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाऊसमध्ये दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कमिटीने मला विषय दिला आहे ‘निरोगी म्हातारपण’. विषय ऐकून निम्मे तरुण येणारच नाहीत असं वाटलं होतं, पण बरेच दिसताहेत. बहुधा नंतरच्या जेवणामुळे असेल! तरी बरं झालं, कारण आजचं बोलणं त्यांच्यासाठी जास्त आहे.

सुरुवात एका फोटोपासून करतो. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघंही सडपातळ. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात निघाली ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखंच ‘पास’ करत होता, आतला हिशेब मात्र वेगळा होता.

हे मुद्दाम सांगतोय. गेल्या वर्षी आपल्याकडे तपासणी शिबिर झालं, तेव्हा आलेल्यांपैकी बहुतेकांना आपली शुगर आधीच माहीत होती. जे आले नाहीत त्यांना नंतर विचारलं, तर उत्तर ठरलेलं: “मी कुठं जाड आहे?” आज मला या एका वाक्याशी भांडायचं आहे.

आपली माणसं अशी का असतात, बाहेरून काटकुळी आणि आतून चरबी धरून ठेवणारी? याचा शोध घ्यायला १९९३ साली केईएमच्या मंडळींनी इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केलं. नाव ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’. लग्न झालेल्या तरुण बायकांकडे कार्यकर्ते दर महिन्याला जायचे, पाळीची तारीख लिहून घ्यायचे, म्हणजे दिवस गेले की लगेच कळावं. मग ती बाई काय खाते, शेतात किती राबते, वजन किती वाढतं, याची नोंद. बाळ जन्मलं की त्याचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि पाठीवरच्या कातडीची चिमटीत धरून मोजलेली जाडी.

त्या आयांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची. साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. म्हणजे आपली बाळं लहान, हे अपेक्षितच होतं. चमत्कार पुढे आहे. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. ‘थिन-फॅट’ बाळ हा शब्द इथून जगभर गेला. जी गोष्ट त्या फोटोत दिसली, ती जन्माच्या दिवशीच हजर होती.

असं का होतं, ते घरगुती भाषेत सांगतो. महिनाअखेरीला पैसे कमी पडले की आपण आधी काय भरतो? घराचा हप्ता आणि मुलांची फी. रंगकाम राहू दे म्हणतो. पोटातल्या बाळाला कमी मिळालं तर तेही मेंदूला आधी देतं. काटकसर होते स्नायूंत आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडात. जेवणातली साखर जिरवणारं सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे स्नायू. तिथेच भांडवल कमी. मग मोठेपणी खाणं भरपूर आणि हालचाल कमी झाली, की साखर रक्तातच फिरत राहते.

या मुलांना संशोधकांनी सोडलं नाही. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, अठराव्या वर्षी पुन्हा तपासलं. अठराव्या वर्षी ६०० हून अधिक जण तपासणीला आले. इतकी वर्षं खेड्यातल्या कुटुंबांनी पुन्हा-पुन्हा रक्त दिलं, वेळ दिला. मला या सगळ्यात त्यांचं फार कौतुक वाटतं. निकाल काय? जवळजवळ निम्मी मुलं-मुली कमी वजनाच्या गटात, आणि तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर हवी त्यापेक्षा जास्त. वय अठरा, अंगावर मांस नाही, आणि साखर वाढलेली! “मी कुठं जाड आहे” याला यापेक्षा चोख उत्तर माझ्याकडे नाही.

आता आपल्या हिंजवडीकडे बघू. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा आजूबाजूला शेतं होती. तेव्हाचे पस्तिशीतले आज साठीत आहेत. गावातल्या ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी दिवसभर शेतात काम चालायचं, तिथली नातवंडं आज आपल्यासारखीच आयटी पार्कात खुर्चीत बसून असतात. म्हातोबाच्या बगाडाला खांदे भिडवणारी अंगं वर्षभर लिफ्टने वर-खाली करतात. शरीर काटकसरीसाठी घडलेलं आणि दारात मात्र दहा मिनिटांत बिर्याणी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे अंदाजे १० कोटी रुग्ण आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींहून अधिक लोक निघाले. हा उंबरठा महत्त्वाचा, कारण तिथून मागे फिरता येतं.

मागे फिरता येतं याला पुरावा आहे का? आहे, आणि भारतातला आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अशाच उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच साधा सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या दर शंभरांपैकी ५५ जणांना साधारण अडीच-तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून रोज अर्धा तास भरभर चालणं आणि साखर-तेल कमी करणं हे पाठपुरावा करून करवून घेतलं, त्यांच्यात ३९ जणांना. शंभरातले सोळा वाचले, औषधाशिवाय. आपल्या सोसायटीत हे सोळा कोण असतील, एवढा विचार करा.

चालण्याबद्दल आणखी एक गोष्ट. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी डबल-डेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. १९५३ सालची गोष्ट. बस तीच, रस्ता तोच. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. आपल्या प्रत्येक विंगला जिना आहे. त्याचा मेंटेनन्स आपण भरतोच, मग वापरू या की!

ज्येष्ठांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, त्याबरोबर दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, कठड्याला धरून एका पायावर उभं राहणं, इथून सुरुवात करा. पडून खुब्याचं हाड मोडणं हे म्हातारपणातलं मोठं संकट आहे, आणि ते बरंचसं टाळता येतं.

दुसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची. त्या सहा खेड्यांतल्या अभ्यासात गरोदर बायकांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींत ते कमी निघालं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं, भाजीपाल्यातून नाही. चहातल्या चमचाभर दुधाने भागत नाही. वय वाढलं की ते नीट शोषलंही जात नाही, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत आणखी कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या, विसरभोळेपणा, थकवा हे सगळं “वयामुळे” म्हणून सोडून देऊ नका. एक रक्ततपासणी करा आणि डॉक्टरांना दाखवा. मनाने इंजेक्शनं घेऊ नका.

आणि घरातल्या मुली-सुना. त्याच अभ्यासात असं दिसलं की ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं चांगल्या वजनाची झाली. दिवस गेल्यावर डिंकाचे लाडू द्यायचे ते द्याच, पण तयारी आधीपासून हवी. वयात येणाऱ्या मुलीच्या ताटात काय आहे, तिथे नातवाच्या साठीतली शुगर ठरते आहे. ऑफिसची घाई म्हणून उपाशी निघणारी मुलगी आपल्या घरात असेल, तर सकाळी तिच्या हातात काहीतरी द्या. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आणि रात्रपाळीचे वॉचमनभाऊ यांचीही शरीरं याच मातीची आहेत. पुढच्या शिबिराच्या यादीत त्यांची आणि त्यांच्या मुलींची नावं असावीत, अशी माझी कमिटीला विनंती आहे.

शेवटी प्रत्येकासाठी गृहपाठ. शिवणाची टेप घ्या, कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. बीएमआय २३ च्या खाली हवा, २५ आपल्यासाठी सैल आहे. तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा उपाशीपोटी शुगर आणि बीपी, बारीक असलात तरी, किंबहुना बारीक असलात म्हणूनच. आणि आकडे वहीत लिहून ठेवा. इंग्लंडात हर्टफर्डशायर परगण्यातल्या नर्सबाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाळांची वजनं वहीत लिहून ठेवली होती. पुढे डॉ. डेव्हिड बार्कर यांना त्या वह्यांतूनच कळलं की लहानपणी कमी वजन असलेल्यांना मोठेपणी हृदयविकार जास्त होतो. साध्या वहीची किंमत एवढी असते.

आपण लिफ्टचं सर्व्हिसिंग चुकवत नाही, टाकी दर सहा महिन्यांनी धुतो, म्हणून इमारत पंचवीस वर्षं धड उभी आहे. तीच शिस्त अंगाला लावली, तर सुवर्णमहोत्सवाला आपल्यातले पुष्कळ जण स्वतःच्या पायांनी जिना चढून याच हॉलमध्ये येतील.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.