लहान देह, मोठी त्वचा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी या शाळेत शास्त्र शिकवीत. म्हणून विषय शास्त्राचा घेतला आहे. वक्ता मात्र मराठीचा आहे, तेव्हा एका शब्दाच्या वाटेने तिकडे जातो. तो शब्द ‘कुंची’.

पडाव आणि लष्कर भागांतल्या मराठी घरांत कुंची आता क्वचितच दिसते. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर टोपीसारखे बसणारे आणि पाठीवरून खाली सुटणारे ते वस्त्र. आपण त्याची झालर पाहतो, पण त्यामागे एक गणित आहे.

एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर, घनफळ १ घन सेंटिमीटर. बाजू दहापट केली की हेच आकडे ६०० आणि १००० होतात. आकारमान हजारपट वाढले, पृष्ठभाग शंभरपटच. म्हणजे वस्तू जितकी लहान, तितका तिच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक. आकार पसरट केला तरी तेच घडते. पापडाची लाटी दिवसभर उन्हात ठेवली तरी आतून ओलीच राहते. तीच लाटून पसरली की दुपारपर्यंत खडखडीत वाळते.

प्राणवायू, पाणी, उष्णता यांची देवाणघेवाण पृष्ठभागातूनच होते. अमीबाला फुप्फुसे लागत नाहीत. त्याचे बाह्य आवरणच पुरते. मोठ्या देहाला ते पुरत नाही, म्हणून निसर्गाने पृष्ठभाग आत दडवला. प्रौढ माणसाची त्वचा पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास. फुप्फुसांतील वायुकोशांचे क्षेत्र मात्र सुमारे सत्तर. आपल्या किल्ल्याच्या एका दरवाजाला ज्याचे नाव आहे, त्या हत्तीची अडचण वेगळी : देहात उष्णता पुष्कळ, ती बाहेर टाकायला त्वचा थोडी. रक्तवाहिन्यांनी भरलेले ते रुंद कान तो हलवतो, ते अंग निववण्यासाठी.

नवजात बाळ हे हत्तीच्या नेमके उलट टोक. साठ किलोच्या माणसाला दर किलोमागे सुमारे २७० चौरस सेंटिमीटर त्वचा असते. तीन किलोच्या बाळाला सुमारे ६७०. वजन कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढते, आणि कातडीखालची चरबीही तुटपुंजी असते. त्यातही बाळाच्या एकूण त्वचेचा जवळजवळ पाचवा हिस्सा डोक्यावर. कुंची डोक्यापासून का सुरू होते, ते आता ध्यानात येईल.

आपल्या आज्यांना सारेच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. त्याच घरांत जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालीत. ओल्या त्वचेवरून पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, आणि ग्वाल्हेरच्या जानेवारीत पारा कधी पाचाच्याही खाली उतरतो. पहिली अंघोळ निदान २४ तास पुढे ढकलावी, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते.

हे गणित वर्गाबाहेर किती मोलाचे ठरते, ते गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रिया शिकून आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, त्याला ऊबदार पिशवीत गुंडाळणे, अंगावर पाजण्यास आईला मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे, ही त्यांची कामे. ‘लॅन्सेट’ने १९९९ साली निष्कर्ष छापले : प्रयोग नसलेल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते. श्रेय एकट्या उबेचे नव्हे, हे उघड आहे. पण उबेवाचून ते साधलेही नसते.

जिथे पिशवी नाही, पेटी नाही, तिथेही एक उपाय आहे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो रूढ झाला. ‘कांगारू पद्धत’ म्हणून आज आपल्याकडील रुग्णालयांतही तो शिकवतात. उघड्या बाळाला टोपडे आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीशी उभे धरायचे आणि दोघांवर एक पांघरूण घ्यायचे. ज्या त्वचेतून बाळाची ऊब निसटत होती, तिच्यातूनच आता आईची ऊब आत येते.